मधली सुट्टी परत द्या: आमच्या संस्थेच्या कार्यकारिणीला खुलं पत्र

आदरणीय अध्यक्ष, सचिव आणि कार्यकारिणीचे सर्व सभासद,

सप्रेम नमस्कार.

मधली सुट्टी कापणाऱ्या तुमच्या परिपत्रकाबद्दल मी आधी तुमच्याच ऑफिसात पत्र दिलं होतं, जूनच्या शेवटी, बंद पाकिटात, आवक रजिस्टरला नोंद करून. तीन आठवडे झाले, उत्तर नाही, बोलावणंही नाही. म्हणून आता सगळ्यांसमोर लिहितेय. शाळेचं, संस्थेचं किंवा कुणा माणसाचं नाव मी यात घेतलेलं नाही आणि घेणारही नाही, कारण मला शाळेची बदनामी करायची नाहीये, ही माझीच शाळा आहे. आपल्याकडे पोरं पाठवणाऱ्या पालकांना वाचताच कळेल आणि तेवढं मला पुरेसं आहे.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगते. मी ठाण्यात एका अनुदानित मराठी शाळेत प्राथमिकला शिकवते, यंदा २२ वर्षं झाली. त्याआधी याच शाळेत पहिली ते दहावी शिकले. माझे वडील वागळे इस्टेटमधल्या एका कंपनीत लेथवर होते, कंपनी कधीच बंद पडली, आता तिथे काचेची बिल्डिंग आहे. आम्ही राहायचो ती खोली दहा बाय बाराची होती, त्यात सहा माणसं. खेळायला जागा म्हणून जी काय होती ती म्हणजे शाळेचं मैदान. लंगडी, खो-खो, लगोरी, डबा ऐसपैस, सगळं तिथेच शिकले. आज माझ्या वर्गातली किसन नगर, श्रीनगर, लोकमान्य नगरमधली मुलं साधारण तेवढ्याच खोल्यांतून येतात, फरक इतकाच की आमच्या वेळी गल्लीत निदान पकडापकडी खेळता यायची, आता दोन्ही बाजूंनी बाइका लावलेल्या असतात आणि मधून शेअर रिक्षा जातात.

यंदा जानेवारी ते मार्च असे आठ आठवडे मी शिक्षक देवाणघेवाणीच्या एका उपक्रमातून फिनलंडला होते, तांपेरे नावाच्या शहरातल्या एका प्राथमिक शाळेत. तुम्ही मला रजा मंजूर केलीत, जाताना शाल-श्रीफळ दिलंत, गेटवर बॅनर लावलात, हे मी विसरलेले नाही आणि त्याबद्दल मनापासून आभार. परत आल्यावर तुम्ही मला पीपीटी करायला सांगितलंत आणि मी ती केली, चाळीस स्लाइड. त्या दिवशी सभागृहात तुमच्यापैकी पाच जण होते. सगळे प्रश्न स्मार्टबोर्ड किती आहेत, टॅब कुठल्या इयत्तेपासून देतात, कोडिंग कधी सुरू होतं, याबद्दलच आले. मी ज्या गोष्टीवर सर्वात जास्त बोलणार होते ती सतराव्या स्लाइडवर होती आणि तिथे पोचायच्या आत वेळ संपली.

त्या स्लाइडवर शाळेच्या अंगणाचा एक फोटो होता आणि खाली एकच शब्द, वॅलितुन्ती. वॅलि म्हणजे मधलं, तुन्ती म्हणजे तास. मधला तास. आपण मधली सुट्टी म्हणतो ना, तेच. हजारो किलोमीटर लांबच्या, आपल्या भाषेशी काही नातं नसलेल्या भाषेत हा शब्द असा जवळजवळ आपल्यासारखाच बांधलेला बघून मला पहिल्याच दिवशी फार भरून आलं होतं, परक्या गावात ओळखीचं कुणी भेटावं तसं.

आणि मग जूनमध्ये शाळा उघडली आणि पहिल्याच आठवड्यात तुमचं परिपत्रक आलं. त्याबद्दलच हे पत्र.

परिपत्रकात काय आहे ते पालकांनाही नीट कळू दे, कारण त्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फक्त ‘फाउंडेशन वर्ग सुरू होत आहेत, अभिनंदन’ एवढंच आलंय. आपलं प्राथमिक सत्र साडेबारा ते साडेपाच. (फेब्रुवारी २०२४ च्या जीआरमध्ये सरकारने सांगितलं की चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नका, मुलांची झोप पुरी झाली पाहिजे, त्यानंतर आपण सकाळचे दुपारी आलो.) आतापर्यंत दहा मिनिटांची छोटी सुट्टी होती आणि तीस मिनिटांची मधली. आता छोटी सुट्टी रद्द, मधली पंधरा मिनिटं. ही कापलेली पंचवीस मिनिटं आणि डायरी लिहायची पाच, असा तीस मिनिटांचा आठवा तास काढून त्यात बाहेरच्या क्लासचे लोक येऊन स्कॉलरशिप आणि ऑलिम्पियाडचं फाउंडेशन घेणार, पहिलीपासून, महिन्याला वेगळी फी घेऊन. दुसरं म्हणजे अर्धं मैदान टर्फसाठी, म्हणजे कृत्रिम गवताच्या मैदानासाठी, भाड्याने दिलंय. जाळी उभी राहिलीये, दिवे लागलेत, संध्याकाळी सहापासून रात्री उशिरापर्यंत बुकिंग असतं, आणि दिवसा शाळा चालू असताना गवत खराब होतं म्हणून गेटला कुलूप.

या दोन्ही गोष्टी मला मान्य नाहीत.

तिकडे मी काय बघितलं ते आता तरी ऐका, पीपीटीत राहून गेलेलं. तांपेरे हे दोन मोठ्या तळ्यांच्या मधे वसलेलं कारखान्यांचं गाव. १८२०च्या दशकात तिथे सुरू झालेल्या कापड गिरणीच्या लाल विटांच्या इमारती अजून उभ्या आहेत, आत आता ऑफिसं, हॉटेलं. तळ्यांच्या ठाण्यातून गेलेल्या बाईला हे सगळं ओळखीचं वाटलं तर नवल नाही. जानेवारीत तिथे सकाळी नऊलासुद्धा काळोख असतो, पहिली-दुसरीची पोरं जॅकेटला चमकणारे बिल्ले लटकवून एकटी चालत शाळेत येतात. मी आठ आठवडे ज्या दुसरीच्या वर्गात बसले तिथे २१ मुलं होती, शिक्षिकेला सगळी पहिल्या नावाने हाक मारायची. शाळेत पोर वयाच्या सातव्या वर्षी येतं. नऊ वर्षांच्या मूलभूत शाळेत देशभर घेतली जाणारी एकही परीक्षा नाही, ती थेट बारावीसारख्या टप्प्यावर अठराव्या-एकोणिसाव्या वर्षी येते. वर्गशिक्षक व्हायला मास्टर्स डिग्री लागते, आणि एकदा वर्ग हातात दिला की तपासणीला कुणी येत नाही. हे सगळं तुम्ही कुठे ना कुठे वाचलेलं असेल, यूट्यूबवर ढिगाने आहे. यातलं बरंचसं आपल्या हातात नाही हे मलाही समजतं.

पण तासाचा हिशोब आपल्या हातात आहे. तिथे प्रत्येक साठ मिनिटांत निदान पंचेचाळीस मिनिटं शिकवायचं असा नियम आहे, आणि उरलेली पंधरा मिनिटं म्हणजे वॅलितुन्ती. मुलं बाहेर. वर्गात थांबायचं नाही, हट्ट करून नाही, अभ्यास राहिलाय म्हणून नाही. काही शाळा दोन तास जोडून मग मोठी सुट्टी देतात, पण हिशोब तोच. आणि बाहेर म्हणजे खरंच बाहेर. उणे बारा तापमान होतं त्या दिवशीचं सांगते.

घंटा झाली (घंटा म्हणजे स्पीकरवरून छोटीशी धून), सगळी पोरं मोकळ्या जागेत आली जिथे खुंट्यांना त्यांचे जाड एकसंध सूट टांगलेले असतात, पायापासून गळ्यापर्यंत एकच चेन. आठ वर्षांचा एक मुलगा खाली बसून ती चेन लावत होता. आधी त्याने हातमोजे घातले, मग कळलं की मोजे घालून चेन धरता येत नाही, मग मोजे काढले, चेन अर्ध्यावर अडकली, परत खाली घेतली. बाकीची सगळी बाहेर गेली. मी न राहवून पुढे झाले, सवयच आहे, आपल्याकडे पहिलीच्या किती पोरांच्या शर्टाची बटणं मी लावलीयेत त्याला गणती नाही. तिथल्या शिक्षिकेने माझ्या दंडाला हलकेच हात लावला आणि मान हलवली. आम्ही दोघी उभ्या राहिलो. तब्बल चार मिनिटं लागली. चेन गळ्यापर्यंत आली तेव्हा त्या मुलाने वर बघितलं, आमच्याकडे नाही, दाराकडे, आणि जो सुटला तो बर्फाच्या ढिगावर जाऊन थेट पोटावर घसरत खाली.

पंधरातली चार मिनिटं गेली की हो त्याची, असं मी नंतर तिला म्हटलं. ती म्हणाली, तीही सुट्टीच होती, आज त्याला चेन लावता आली. मग मला विचारलं, तुमच्याकडे सुट्टी किती असते. मी सांगितलं, एक दहा मिनिटांची आणि एक अर्ध्या तासाची. खोटं नाही सांगत, मला तेव्हा अभिमान वाटला होता. आता तिची मेल येऊन पडलीये, नवीन वर्ग कसा आहे, मुलं काय म्हणतात, आणि मला उत्तर लिहायला हात होत नाहीये.

सुट्टीवरून परत आलेली ती पोरं मी रोज बघायचे. गाल लाल, नाकं वाहतायत, पाच मिनिटं गलका, मोजे रेडिएटरवर वाळत. आणि मग वर्ग जो शांत व्हायचा, काही न सांगता. शिकवणाऱ्या माणसाला ती शांतता लगेच ओळखू येते. दटावून बसवलेल्या वर्गाची शांतता वेगळी असते, २२ वर्षांत ती मीच कितीदा निर्माण केलीये.

त्यांचं सगळं गोड आहे असं मी म्हणत नाहीये. २००० साली पिसा ही पंधरा वर्षांच्या मुलांची आंतरराष्ट्रीय चाचणी पहिल्यांदा झाली तेव्हा वाचनात फिनलंड पहिला आला होता, त्यानंतर त्यांचे आकडे बरीच वर्षं घसरतायत. स्टाफरूममध्ये यावर रोज बोलणं व्हायचं, मोबाइलवर, घरी पुस्तकं नसण्यावर, वर्गातल्या वेगवेगळ्या गरजांच्या मुलांवर, बजेट कापण्यावर. बरीच कारणं निघायची, वादही व्हायचे. पण आठ आठवड्यांत एकदाही मी कुणाच्या तोंडून ऐकलं नाही की सुट्टी कापू आणि एक तास वाढवू.

जेवणाचंही सांगायचंय. तिथे साडेदहा-अकरापासून जेवणाच्या पंगती सुरू होतात, सगळ्यांना गरम जेवण, फुकट, श्रीमंताच्या पोरालाही आणि गरिबाच्याही. १९४३ साली, युद्ध चालू असताना, त्यांनी तसा कायदा केला आणि १९४८ पासून तो देशभर लागू आहे. गुरुवारी वाटाण्याचं घट्ट सूप आणि गोड धिरडं, इतर दिवशी बटाटे, मासे, सॅलड, राय नावाच्या धान्याची कडक भाकरी, दूध. मुलं स्वतः ट्रे घेतात, स्वतः वाढून घेतात, शिक्षक त्यांच्यातच बसून जेवतात. यात आपण कमी पडतो असं मला अजिबात वाटत नाही, आपल्याकडेही १५ ऑगस्ट १९९५ पासून पोषण आहार आहे. आधी मुलांच्या घरी महिन्याला तीन किलो तांदूळ जायचे, सुप्रीम कोर्टाच्या २००१ च्या आदेशानंतर शिजवलेलं अन्न सुरू झालं. मी नोकरीला लागले तेव्हा शाळेत खिचडी नवीनच होती, टेम्पो आला की वास वर्गापर्यंत यायचा आणि पोरांचं लक्ष उडायचं. म्हणजे अन्न आहे. ते खायला वेळ होता, तो आता तुम्ही काढून घेतलात.

आपल्या प्राथमिकचा पट ३६८. नळ सहा. पंधरा मिनिटांत रांग लावायची, हात धुवायचे, ताट घ्यायचं, वाढून घ्यायचं, खायचं, ताट धुवायचं, पाण्याची बाटली भरायची, लघवीला जायचं. मी पहिल्या दोन आठवड्यांत घड्याळ लावून बघितलं. माझ्या वर्गातल्या शेवटच्या मुलाच्या ताटात खिचडी पडेपर्यंत नऊ मिनिटं झालेली असतात. उरलेल्या सहा मिनिटांत तो जे करतो त्याला जेवणं म्हणता येणार नाही. घरून डबा आणणाऱ्यांचे डबे अर्धे तसेच परत जातात, दोन आयांनी मला गेटवर विचारलंही, बाई, भाजी आवडत नाही का हिला.

मुलींचं तर लिहितानाच त्रास होतोय. प्राथमिकच्या मुली १७८. मुलींच्या बाजूला संडास पाच, त्यातल्या एकाला कडी नाही म्हणून तो बंद, म्हणजे चार. एका मुलीला दीड मिनिट धरा. पंधरा मिनिटांत चाळीस मुली होतात. बाकीच्या १३८ मुलींनी काय करायचं? त्या काय करतात ते मी सांगते, त्या पाणी पीत नाहीत. बाटली भरलेली येते, भरलेलीच घरी जाते. जुलैच्या पहिल्या आठवड्यात तिसरीतली एक मुलगी सहाव्या तासाला बेंचवरून उठेचना. दप्तर मांडीवर घेऊन बसलेली, मान खाली. मी जवळ गेले तेव्हा खाली ओलं दिसलं. ती रडत नव्हती, फक्त माझा पदर धरून ठेवला होता एका हाताने. मी बाकीच्यांना ग्रंथालयात पाठवलं, सेवकमावशींनी तिला माझ्या कपाटातला जुना गणवेश घातला. दुसऱ्या दिवशी ती आली नाही, तिसऱ्या दिवशी आली ती पाण्याची बाटली न घेताच.

तुमच्यापैकी कुणी साडेबारा ते तीन असे सलग अडीच तास लाकडी बेंचवर बसून बघितलंय का? छोटी सुट्टी गेल्यापासून ही मुलं तसं बसतात, आणि मग पंधरा मिनिटांनी परत सव्वादोन तास. सहा वर्षांची पोरं.

मैदानाचं बघा. शिक्षण हक्क कायद्याच्या, २००९ च्या, परिशिष्टात शाळेला काय काय असलंच पाहिजे याची यादी आहे, त्यात मुलामुलींना वेगळी स्वच्छतागृहं आहेत, पिण्याचं पाणी आहे आणि खेळाचं मैदानही आहे. कुलूप लावलेलं मैदान यात बसतं का हे तुम्हीच सांगा. आता उरलेल्या अर्ध्या जागेत दोन व्हॅन, शिक्षकांच्या स्कूटी आणि खिचडीचा टेम्पो उभा असतो. गेल्या मंगळवारी मी मुद्दाम गॅलरीत उभी राहिले. पाऊस थांबलेला, तीन वाजलेले. चौथीचे आठ-दहा मुलगे लवकर जेवून टर्फच्या जाळीपाशी आले, जाळीच्या भोकांत बोटं अडकवून उभे राहिले. आत हिरवंगार, रिकामं, एक चेंडू कोपऱ्यात पडलेला. ते काही बोलत नव्हते. एकाने जाळी थोडी हलवून बघितली. मग वॉचमन आला आणि ते वर्गाकडे निघाले. हे सगळं मिळून दोन-तीन मिनिटांचं असेल, पण मला रात्री झोप लागली नाही.

तुमची बाजू मला माहीत नाही असं नाही. वेतनेतर अनुदान वेळेवर येत नाही, आलं तर पुरत नाही, वरच्या मजल्याचं गळणं तीन पावसाळे तसंच आहे, वीजबिल आहे. आणि पट. पटाची भीती तर आम्हा शिक्षकांइतकी कुणालाच नसेल, एप्रिल-मे महिन्यात उन्हात चाळीचाळींतून फिरून पहिलीची मुलं गोळा करणारे आम्हीच, पट घसरला की संचमान्यतेत (पटावरून शिक्षकांची पदं ठरतात ती) अतिरिक्त ठरणारेही आम्हीच. समोरच्या इंग्लिश मीडियमवाल्यांचे फ्लेक्स बघून तुम्हाला वाटलं की आपणही फाउंडेशन लावलं तर पालक थांबतील. पण मी त्याच दारांवर जाते ना दरवर्षी, मला कुठल्या आईने अजून विचारलेलं नाही की ऑलिम्पियाड आहे का. विचारतात ते हेच, शाळेत संडास स्वच्छ आहे का, पोरगी जेवते का, बाई मारत तर नाहीत ना, खेळायला जागा आहे का कारण घरी नाहीये. शेवटच्या प्रश्नाला मी २२ वर्षं मैदानाकडे बोट दाखवत आलेय. पुढच्या एप्रिलमध्ये मी काय दाखवू?

आणि कृपा करून तिथली लोकसंख्या कमी आहे हे कारण देऊ नका. हे कारण मला पीपीटीच्या दिवशी दोघांनी दिलं. अख्ख्या फिनलंडची वस्ती ५६ लाखांच्या घरात आणि एकट्या ठाणे शहराची २०११ च्या जनगणनेत १८ लाखांवर, हे मलाही ठाऊक आहे. माझ्या वर्गात ४६ मुलं आहेत, तिथे २१ होती. मी तुमच्याकडे २१ चा वर्ग मागत नाहीये, रेडिएटर मागत नाहीये, फुकट पेन्सिली मागत नाहीये. जो अर्धा तास जूनपर्यंत आपल्याकडे होता, ज्याला एक रुपया लागत नव्हता, तो मागतेय.

एक गोष्ट माझ्याही पदरात घेते. गृहपाठ केला नाही, गडबड केली, की ‘सुट्टीत बस’ ही शिक्षा मी वर्षानुवर्षं दिलीये. आपल्या स्टाफमध्ये सगळेच देतात, ती कुणाला शिक्षाच वाटत नाही. तिथे दुसऱ्या आठवड्यात मी सहज विचारलं की दंगा करणाऱ्याला सुट्टीत आत बसवता का, तर त्या शिक्षिकेला प्रश्नच कळेना, तिला वाटलं माझं इंग्लिश चुकतंय. ज्याला बसवत नाही त्यालाच तर सर्वात आधी बाहेर पाठवायला हवं, असं ती म्हणाली. परत आल्यापासून मी एकाही मुलाला सुट्टीत बसवलेलं नाही आणि बसवणार नाही, इतरांनीही बसवू नये असा लेखी नियम व्हावा अशी माझी विनंती आहे.

आता मागण्या, सरळ सांगते.

छोटी सुट्टी दहा मिनिटं आणि मधली सुट्टी तीस मिनिटं, पहिल्यासारखी, १ ऑगस्टपासून. फाउंडेशन वर्ग ज्यांना हवेत त्यांच्यासाठी शाळा सुटल्यावर किंवा शनिवारी घ्या, ऐच्छिक, आणि पहिली-दुसरीला तर नकोतच. टर्फची जाळी तुम्ही उभारलीच आहे, ती काढा असं मी म्हणत नाही, पण शाळेच्या वेळात तिचं गेट उघडं पाहिजे आणि किल्ली मुख्याध्यापकांकडे पाहिजे, ठेकेदाराकडे नाही. त्या कराराची प्रत पालकांना बघायला मिळावी आणि त्यातून येणाऱ्या पैशातले पहिले पैसे मुलींच्या संडासावर आणि नळांवर खर्च व्हावेत, निदान ती एक कडी तरी या आठवड्यात बसवा, लोखंडाच्या दुकानात मिळते. व्हॅन आणि स्कूटी मैदानाबाहेर लावू, आम्ही शिक्षक आमच्या गाड्या उद्यापासून रस्त्यावर लावायला तयार आहोत, मी बारा जणांशी बोललेय.

आणि हे सगळं ठरवण्याआधी शाळा व्यवस्थापन समितीची बैठक घ्या. कायद्याने त्यात तीन चतुर्थांश पालक असतात, निम्म्या महिला असतात, अनुदानित शाळेत ती सल्ला देण्यापुरती असली तरी सल्ला विचारायला तर हवा होता. वेळापत्रक बदलताना त्या आयांना विचारलं असतं तर कुणीतरी नक्की म्हणालं असतं, की बाबा, पंधरा मिनिटांत एवढ्या पोरी जाणार कुठे.

माझ्यावर कारवाई होईल असं दोन सहकाऱ्यांनी काळजीने सांगितलं. झाली तर उत्तर देईन. जे लिहिलंय ते सगळं मी सही करून, तारीख टाकून मुख्याध्यापकांकडेही दिलंय, मिनिटांच्या नोंदीसकट.

एक काम राहिलंय. मे महिन्यात, त्यांची शाळा सुटायच्या आधी, तांपेरेच्या त्या दुसरीच्या वर्गाने मला एक मोठं पाकीट पाठवलं, २१ चित्रं, आम्ही वॅलितुन्तीत काय करतो या विषयावर. बर्फाचा ढीग, झोके, फुटबॉल, एकाने नुसता स्वतःचा सूट काढलाय, चेन गळ्यापर्यंत लावलेली, तो कोण ते मला लगेच कळलं. माझ्या वर्गाने उत्तरादाखल आपली चित्रं पाठवायचीत. जूनमध्ये शाळेच्या पहिल्या दिवशी मुलांनी उत्साहाने सुरू केली होती, लंगडीची, खिचडीच्या रांगेची, कडुनिंबाच्या झाडाखालच्या कट्ट्याची. मागच्या आठवड्यात राहिलेल्या सहा जणांना पूर्ण करायला दिली, तर त्यातल्या तिघांनी जाळी काढलीये. एकाने तर रेघा इतक्या दाबून मारल्यात की कागद फाटलाय.

ऑगस्टमध्ये त्यांची शाळा परत सुरू होते, तोवर मला पाकीट पोस्टात टाकायचंय. शनिवारी सकाळी अकरापासून मी शाळेत आहे, दुसऱ्या मजल्यावर चौथी ‘ब’मध्ये, चित्रं बाकांवर मांडून ठेवते. तुमच्यापैकी जे येऊ शकतील त्यांनी यावं, येताना टर्फची किल्ली घेऊन यावी.

आपली नम्र,
चौथी ‘ब’च्या बाई
ठाणे